कोलाब्याचा खासदार

नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, आपल्या समाजाचा खासदार कोण?" मी पनवेल ज्या मावळ मतदारसंघात येते, तिथल्या खासदारांचे नाव सांगितले. तो म्हणाला, "ते नाही सर, आपल्या समाजाचा!" घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. पण हा प्रश्न त्या मुलाच्या आजोबांच्या काळातला आहे. आपल्या संसदेच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत त्यावर मोठी चर्चा झाली होती. तिचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यातून मिळाले होते.

इंग्रजांनी 1909 च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. मुसलमानांची मतदारयादी वेगळी, उमेदवारही मुसलमानच. 1946 च्या प्रांतिक निवडणुकाही अशाच झाल्या. शिवाय मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण असेल त्यालाच तो मिळे. याच प्रांतिक आमदारांनी निवडलेले सदस्य घेऊन घटना समिती बसली.

फाळणीनंतर स्वतंत्र मतदारसंघ गेले. मुसलमानांसाठी काही राखीव जागा ठेवाव्यात, असे आधी ठरले होते. मे 1949 मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याही रद्द करण्याची शिफारस केली. त्या दिवशी मुसलमान सदस्यांचे एकमत नव्हते, हे आज फारसे कोणी सांगत नाही. मद्रासचे मुहम्मद इस्माईल स्वतंत्र मतदारसंघच मागत होते. संयुक्त प्रांतातले लारीसाहेब म्हणत होते की राखीव जागा नकोत, पण अल्पसंख्यकांचे मत वाया जाणार नाही अशी मतदानाची पद्धत आणा. बेगम एजाज रसूल यांचे म्हणणे सगळ्यांत धाडसी होते. राखीव जागा आपल्याला बहुसंख्यकांपासून कायमचे तोडतील, त्यापेक्षा सर्वांबरोबर उभे राहावे, असे त्या म्हणाल्या. शेवटी आरक्षण गेले.

या निर्णयाला काही लोक हार म्हणतात, काही त्याग. मला तो एक भरवसा वाटतो. आमचे दुःख दुसऱ्या समाजाचा माणूस सभागृहात मांडेल आणि आमचा माणूस निवडून आला तर तो सगळ्यांचे मांडेल, असा हा भरवसा होता.

26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना लागू झाली आणि घटना समितीच हंगामी संसद म्हणून काम करू लागली. 25 ऑक्टोबर 1951 ते 21 फेब्रुवारी 1952 या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार 17 कोटींहून अधिक होते आणि यादी सर्वांची एकच होती. बहुतेकांना वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले होते.

लोकसभेची पहिली बैठक 13 मे 1952 रोजी भरली. दोन दिवसांनी अध्यक्षांची निवड झाली. रिंगणात दोन्ही मराठी माणसे होती. काँग्रेसकडून दादासाहेब मावळंकर, विरोधकांकडून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. 394 विरुद्ध 55 मतांनी मावळंकर अध्यक्ष झाले. सभागृह टाळून सरकारने ऊठसूट वटहुकूम काढू नयेत, असे या मावळंकरांनी खुद्द पंडित नेहरूंना पत्राने कळवले होते. काँग्रेसचे 364 खासदार असलेल्या त्या सभागृहात सरकारला टोकणारा माणूस सरकारच्याच बाकावरून आलेला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तेव्हा त्याचे नाव कोलाबा. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1952 मध्ये कोलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते.

जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा दिला. 25 जुलै 1956 रोजी लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर झाला नव्हता आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने केली नाही. समोर पंतप्रधान बसले होते.

या लढ्यात शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच लढ्यात बार्शीचे शाहीर अमर शेख गावोगावी डफावर थाप मारत होते. मेलेल्यांची जात देशमुखांनी विचारली नाही आणि महाराष्ट्र मागताना अमर शेखांना कोणी त्यांचा मजहब विचारला नाही.

भरवशाची दुसरी बाजूही कोलाब्याने पुढे दाखवली. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले याच मतदारसंघातून 1989, 1991, 1996 आणि 2004 मध्ये खासदार झाले. इथे मुसलमानांची मते थोडी. आगरी, कुणबी, मराठा, कोळी मतदारांच्या मतांशिवाय ते निवडून येणे शक्य नव्हते. मुख्यमंत्री असताना कोलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळाले.

एवढ्यावर थांबलो तर मी खोटे शिकवीन. 2024 च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या 48 जागांपैकी एकाही जागेवर मुसलमान खासदार निवडून आला नाही. पक्ष उमेदवारी देताना कचरतात आणि आपल्या प्रश्नांवर दुसऱ्या समाजाचे खासदार बहुतेक वेळा गप्प बसतात. 1949 च्या भरवशाच्या दोन्ही बाजू आज लंगड्या झाल्या आहेत. लारीसाहेबांची भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही मान्य करायला हवे.

तरी मला राखीव जागांची वाट मागे जाणारी वाटते. खासदाराचा समाज कोणता यापेक्षा गोळी चालली त्या दिवशी तो सभागृहात काय बोलला, हे आपण विचारायला शिकले पाहिजे. हा सवाल मुसलमान खासदारालाही लागू आहे. धरणात जमीन गेलेला आदिवासी आणि घर जळालेला दलित यांच्यासाठी तोही उभा राहिला का? आणि आपल्यापैकी किती जणांनी आपल्या खासदाराला कधी एक साधे पत्र लिहिले आहे?

पुढच्या तासाला मी त्या मुलाला एवढेच सांगणार आहे की बेटा, मावळचा खासदार तुझाच आहे. आपण दोघे मिळून त्याला एक पत्र लिहू.