डाव्या हाताची लढाई

डिचोली, नोव्हेंबर १६८३. नदीवरचं धुकं अजून उठलेलं नाही. मराठी तळाच्या कडेला, पायांनी तुडवून टणक झालेल्या मैदानात तुम्ही उभे आहात. उजव्या हातात दांडपट्टा आहे. त्याची लोखंडी मूठ जवळजवळ कोपरापर्यंत चढलेली, आतल्या आडव्या दांडीवर बोटं आवळलेली, आणि हाताच्याच रेषेत पुढं गेलेलं लांब दुधारी पातं जराशा हालचालीनंही लवतंय. डाव्या हातात तलवार आहे. वस्तादांनी ढाल पुढं केली होती, पण तुम्ही ती नाकारून तलवार मागून घेतलीत.

तुम्ही ज्या काळातून आलात, तिथं हे साहजिकच आहे. तिथं पडद्यावर ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटोस दोन्ही हातांना साखळीनं जखडलेली पाती गरागरा फिरवतो आणि समोरची फळी आडवी होते. ‘एल्डन रिंग’मध्ये एकाच जातीची दोन शस्त्रं दोन हातांत घेतली, की एका बटणावर दोन्ही चालतात. तुमच्या बोटांना हिशेब पाठ आहे: दोन शस्त्रं, दुप्पट मार.

“चालव,” वस्ताद म्हणतात. त्यांच्या हातात नुसता गदका आहे, सरावाची चामडं मढवलेली काठी.

तुम्ही दोन्ही हात एकदम उगारता. पट्टा मनगटानं वळत नाही. तो खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. उजवा खांदा पुढं जातो तसा डावा आपोआप मागं ओढला जातो आणि डावी तलवार अर्ध्या वाटेवर लुळी पडते. दुसऱ्या खेपेला तुम्ही हट्टानं डावा हातही रेटता. पट्टा आणि तलवार हवेतच एकमेकांवर आदळतात, खणकन आवाज होतो, आणि तेवढ्यात गदक्याचं टोक तुमच्या छातीवर अलगद टेकलेलं असतं.

“पोरा, घरातली दोघंही चोरामागं धावली,” वस्ताद म्हणतात. “दार कोण राखणार?”

तलवार काढून घेतली जाते. डाव्या हातात येते ढाल: गेंड्याच्या कातड्याची, आतून गादी, मुठीत धरायला दोन वाद्या. उजवा हात पाठीमागं बांधल्यासारखा कमरेवर ठेवायचा आणि फक्त डाव्यानं लढायचं. गदका डोक्यावर येतो, कानावर येतो, गुडघ्याकडं येतो. ऊन चढतं. डावा खांदा पेटतो, बोटं बधिर होतात, आणि तुम्हाला कळतं की आयुष्यभर या हातानं फक्त उजव्याला मदत केली आहे, स्वतःहून एकही निर्णय घेतलेला नाही. आज त्याला घ्यावा लागतोय. कुठला वार खरा, कुठला हुलकावणी, ढाल किती पुढं न्यायची, हे डोळ्यांच्या आधी त्याला कळायला हवं. फरी-गदक्याचा, म्हणजे ढाल-काठीचा, सगळा सराव याच्यासाठीच आहे.

दुपारच्या सुमाराला वस्ताद म्हणतात, “आता दोन्ही.” गदका खाली येतो, ढालीवर आदळतो, आणि त्याच क्षणी तुमचा पट्टा त्यांच्या बरगडीपाशी पोचलेला असतो. तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं. डाव्यानं दार धरलं, तसा उजवा मोकळा झाला.

इथं दोन हातांच्या लढाईचं मर्म तुमच्या अंगात उतरतं. एकट्या तलवारीनं लढणाऱ्याला बहुतेक वेळा दोन मात्रा लागतात: पहिल्या मात्रेत वार अडवायचा, दुसऱ्या मात्रेत उलटा घालायचा. डाव्या हातात काही असेल, तर अडवणं आणि मारणं एकाच मात्रेत होतं. दुसऱ्या शस्त्राची खरी कमाई ही वाचलेली मात्रा आहे.

वस्ताद शस्त्रांच्या ढिगातून एक वस्तू उचलून तुमच्या हातात देतात. माडू. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडलेली, टोकांना पोलाद, मधल्या मुठीवर छोटीशी ढाल. अडवता अडवता खुपसता येईल असं डाव्या हाताचं हत्यार. शेजारी बिचवा आहे. चोवीस वर्षांपूर्वी, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या एका हातात वाघनखं, दुसऱ्यात बिचवा. अफझलखानाच्या मिठीत लांब पात्याला जागाच नव्हती. दोन आखूड शस्त्रांना होती. दोन्ही हातांनी मारायचं असेल, तर अंतर इतकं कमी लागतं.

“आणि दोन पट्टे?” तुम्ही विचारता. “बाजीप्रभूंसारखे?”

उत्तरादाखल वस्ताद दोन पट्टे चढवतात आणि फिरू लागतात. एक पातं वर, एक खाली. एक पुढं, एक पाठीशी. कमरेच्या वळणावर दोन्हींची जागा बदलते. तुम्ही मागं सरकता. सगळेच सरकतात. तुमच्या लक्षात येतं की ते कुणालाच मारत नाहीयेत, ते जागा धरून आहेत. बाजीप्रभूंची चित्रं आणि पुतळे पाहताना आपल्याला दोन्ही हातांतली शस्त्रं दिसतात, खिंड दिसत नाही. घोडखिंडीच्या भिंतींनी बाजू राखल्या होत्या, आणि १३ जुलै १६६० ला त्या माणसाला परत यायचं नव्हतं, वेळ काढायचा होता. दोन पट्टे हे अनेकांना एकट्यानं थोपवायचं हत्यार आहे. ते पेलायला वर्षं लागतात, आणि ते उचलण्याची वेळ बहुधा दुसरा मार्ग उरलेला नसतानाच येते.

तळावर बातम्या येत असतात. फोंड्याच्या किल्ल्याला घातलेला पोर्तुगीजांचा वेढा संभाजी महाराजांनी उठवला आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याच मुलखात आश्रयाला आहे. डिचोलीचा नमाजगाह त्यानंच बांधल्याचं सांगतात. जवळच नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराला हात घातला. आणि नार्व्यासमोर मांडवीत दिवाडी, त्यापलीकडं गोवा शहर. इतक्या जवळ.

२४ नोव्हेंबरची रात्र. ओहोटी लागली आहे. चिखलातून, गुडघाभर पाण्यातून तुम्ही गोवा शहराजवळच्या, पोर्तुगिजांच्या जुवे बेटावर चढता आणि तिथला किल्ला हाती येतो. दुसऱ्या दिवशी स्वतः पोर्तुगिजांचा व्हिसेरेई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर फौज घेऊन चालून येतो. गर्दीत तुमच्यासमोर एक पोर्तुगीज अंमलदार उभा राहतो. त्याच्या उजव्या हातात लांब सरळ तलवार आहे, डाव्यात कट्यारीएवढा खंजीर, टोक वर.

त्याचा पवित्रा पाहताच तुम्ही त्याला ओळखता. डावा हात पुढं, उजवा तयारीत. हीच शिकवण, दुसऱ्या समुद्रावरून आलेली. १५९९ मध्ये दोमिंगुश लुईश गोदिन्यु नावाच्या पोर्तुगिजानं तलवारविद्येवर हस्तलिखित ग्रंथ लिहिला. त्यात तलवार-खंजीर आहे, तलवार-ढाल आहे, आणि दोन तलवारींचाही वेगळा भाग आहे. तिकडं जपानात मियामोतो मुसाशीनं लांब आणि आखूड अशा दोन तलवारींची परंपरा घालून दिली आणि १६४५ मध्ये मरण्यापूर्वी आपलं शास्त्र लिहून ठेवलं. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकच गोष्ट शोधली होती: दोन हातांना दोन वेगळी कामं द्या.

त्याची तलवार येते, तुमची ढाल ती खाली दाबते. तुमचा पट्टा जातो, त्याचा खंजीर तो बाहेर सारतो. दोघंही एका मात्रेत लढताहात, म्हणून दोघंही जिवंत आहात. मग त्याच्या बाजूची फळी मोडते आणि तो गर्दीबरोबर किनाऱ्याकडं ओढला जातो.

पोर्तुगीज पळताहेत. भरती चढते आहे. पाठलागात संभाजी महाराजांचा घोडा पाण्यात जातो आणि वाहू लागतो. बखरींत सांगतात की खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवलं. तुम्ही छातीभर पाण्यात आहात. पाठीवर ढाल, उजव्या हातात अजून पट्टा, आणि डावा हात शेजारून पोहणाऱ्या घोड्याच्या आयाळीत घट्ट रुतलेला. त्या घटकेला कुणी तुम्हाला डाव्या हातातही पट्टा दिला असता, तर तुम्ही बुडाला असता.

काठावर पोचता पोचता काळ पुढं सरकतो.

५ मे १७४६. पेडण्यातलं हळर्ण. शापोरा नदीकाठच्या किल्ल्याच्या तटावर तुम्ही सावंतवाडीकर भोसल्यांच्या शिबंदीत आहात. जांभा दगड रात्रीही गरम आहे. तुमच्या हातांत तीच ढाल, तोच पट्टा, पणजोबांच्या हातून आलेले. व्हिसेरेई दों पेद्रु मिगेल द आल्मेइदाची फौज दरवाजा फोडून आत येते.

त्यांच्या शिपायांकडं पाहा. एकाच्याही दोन हातांत दोन हत्यारं नाहीत. प्रत्येकाचे दोन्ही हात एकाच बंदुकीवर आहेत, आणि बंदुकीच्या तोंडाशी संगीन आहे. दारू ओतायला, गोळी ठासायला, नेम धरायला त्यांना दोन्ही हात लागतात. मग त्यांचं दार कोण राखतं? तुमची ढाल एक संगीन बाजूला सारते, तर तिच्या शेजारून दुसरी येते. प्रत्येक शिपायाच्या डाव्या बाजूला उभा असलेला शिपाईच त्याचा डावा हात आहे. एका माणसाच्या दोन हातांत जे काम वाटलेलं होतं, ते आता अख्ख्या रांगेत वाटलं गेलं आहे. तुमचा हात त्यांच्यातल्या कुणाहूनही तयार आहे. तरी तुम्ही मागं हटता.

किल्ला पडतो. व्हिसेरेईला पुढं ‘मार्केश द आलोर्ना’ ही पदवी मिळते; पेडण्यातल्या एका लहानशा गावाचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला जाऊन चिकटतं. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे कायमचे पोर्तुगिजांच्या ताब्यात जातात. सत्तरीचे राणे त्यानंतरही सव्वाशे वर्षं पुन्हा पुन्हा उठतात: १८५२ मध्ये दीपाजी राणे, १८९५ मध्ये दादा राणे, शेवटचा उठाव १९१२ चा. पण रणांगणावरची ढाल-तलवारीची घडी हळर्णसारख्या तटांवर मोडली होती. ती कुठं गेली हे पाहायचं, तर आणखी पुढं यायला हवं.

शिगमो, गोव्याचा शिमगा. तुमचाच काळ, डिचोलीच. ढोल, ताशे आणि कांसाळ्यांनी रस्ता भरून गेला आहे. ‘घुमचे कटर घुम’ हा ठेका कानांतून पायांत उतरतो. रोमटामेळातून ‘ओस्सय’चा गजर उठतो आणि गर्दी दुभंगते. घोडेमोडणी आली. लाकडी तोंडाचे, बांबूच्या सांगाड्यावर कापड चढवलेले घोडे कमरेला बांधून, पायांत घुंगरू, डोक्यावर फुलांनी सजवलेली पगडी अशा वेशात वीर नाचताहेत. डिचोली, साखळी, सत्तरी, पेडणे या पट्ट्याचा हा नाच. जिंकून परतलेल्या योद्ध्यांची आठवण म्हणून नाचला जाणारा.

आजवर तुम्ही हे पाहताना तलवार पाहिलीत. सगळेच पाहतात, मोबाइलचे कॅमेरेही तिच्यावरच रोखलेले असतात. आज तुमचे डोळे आपोआप दुसरीकडं जातात. उजवा हात तलवार परजतो, आणि डावा लगाम धरून असतो. नाचणारा चार पावलं पुढं झेपावतो, मग तोच डावा हात घोडा आवरतो, मान वळवतो, मागं घेतो. त्या हाताशिवाय घोडा निव्वळ कमरेला अडकवलेला सांगाडा होईल. दोन हातांना दोन कामं देणारी ती जुनी शिस्त कुठल्याही वस्तुसंग्रहालयात नाही इतकी जिवंत इथं आहे, ढोलाच्या मात्रेवर, बापाकडून मुलाकडं चालत आलेली.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, आणि मर्दानी खेळाच्या आखाड्यांत मुलं-मुली आजही पट्ट्यानं लिंबू कापतात. याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही डाव्या हाताकडं पाहायचं आपण विसरत चाललो आहोत असं वाटतं, आणि पडद्यावरचे खेळ त्याला हातभार लावतात. खेळांना हे जमत नाही असं नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत दुसऱ्या हाताच्या वारात पात्राच्या ताकदीची भर सहसा पडत नाही, आणि दोन शस्त्रांचं खास कौशल्य मिळवलं तर त्याचा बचाव वाढतो. ज्यांनी हे लिहिलं, त्यांना डावा हात कशासाठी असतो हे माहीत होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ केला आणि आपल्या मातीतलं वीरपण जगाच्या पडद्यावर नेता येतं हे दाखवून दिलं. गोव्याच्या तरुणांनी पुढचं पाऊल टाकावं. शिगम्यात डिचोलीला या, पेडण्याला जा, ढोलाच्या मात्रा मोजा, लगाम धरलेला हात टिपून घ्या, आणि असा खेळ करा ज्यात डाव्या बटणानं माणूस वाचतो.

आणि लहान मुलाला खांद्यावर घेऊन घोडेमोडणी बघायला उभे राहाल, तेव्हा त्याला तलवार दाखवायची गरज नाही, ती तो स्वतः पाहील. त्याला तो दुसरा हात दाखवा आणि सांगा: ज्यांनी हा हात आधी तयार केला, त्यांच्यातले कितीतरी जण घरी परतले, आणि परतले म्हणूनच हा नाच आहे.