हॅलोविन हॉरर नाइट्स : भूतघरांच्या अटकळी

अमेरिकेतील युनिव्हर्सल स्टुडिओच्या उद्यानांत शरद ऋतूमध्ये ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ हा भयसोहळा भरतो. त्यात येत्या वर्षी कोणती भूतघरे उभी राहतील, याविषयी चाहते वर्षभर बांधत असलेले तर्क आणि ते बांधण्याच्या रीती. फ्लोरिडातील ओरलँडो येथे ही परंपरा सर्वांत दाट आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

भूतघर म्हणजे इथे पायी चालत जायची अंधारी वाट. ओरलँडोत तिला ‘हाउस’ म्हणतात, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल उद्यानात ‘मेझ’. नाव भूलभुलैयाचे असले तरी वाट चुकायला वाव नसतो. एकच रस्ता, माणसामागे माणूस, आणि काही मिनिटांत पलीकडच्या दाराने बाहेर. मध्ये एखाद्या वळणावर काळा पडदा किंवा भिंतीतली झडप असते आणि तिच्यामागे चेहरा रंगवून उभा असलेला नट. युनिव्हर्सलमध्ये त्याला ‘स्केअरॲक्टर’ म्हणतात. उजवीकडच्या बाहुल्यावर झगझगीत उजेड टाकून सगळ्यांच्या नजरा तिकडे ओढायच्या आणि त्याच क्षणी डावीकडची झडप उघडायची, ही या कलेतली जुनी हातचलाखी. माहीत असूनही माणूस दचकतोच.

सोहळ्याची सुरुवात १९९१ साली ‘फ्राइट नाइट्स’ या नावाने, मोजक्या रात्रींपुरती झाली. त्या वर्षी भूतघर एकच होते : ‘डन्जन ऑफ टेरर’. तेही ‘जॉज’ या सफरीसाठी लोक जिथे रांग लावत, त्या जागेत बसवलेले. आजचे नाव १९९२ मध्ये मिळाले. २०१८ मध्ये ओरलँडोतील भूतघरांची संख्या दहावर गेली आणि पुढे तोच आकडा रुळला. त्यांपैकी साधारण निम्मी चित्रपट, मालिका वा व्हिडिओ गेमवरून परवाना घेऊन केलेली असतात. उरलेली उद्यानाच्या कलावंतांनी स्वतः रचलेली. चाहत्यांच्या बोलीत पहिली ‘आयपी’, दुसरी ‘ओरिजिनल’. परवान्याची नावे उन्हाळ्याच्या आसपास एकेक करून जाहीर होतात, ओरिजिनल घरे बहुधा शेवटी एकदम. तोवरचे महिने अटकळींचे.

अटकळी बांधाव्याशा वाटतात त्या ही घरे टिकत नाहीत म्हणून. गावच्या जत्रेतला भूतबंगला दर वर्षी त्याच पत्र्यांनिशी परत येतो. इथे मात्र मोसम संपला की संपूर्ण घर मोडून टाकतात. वर्षभर आखलेली, कित्येक महिने खपून उभारलेली गोष्ट जेमतेम दोन महिने जगते. एका रात्री सगळी घरे पाहून होतील याचीही खात्री नसते. नावाजलेल्या घराबाहेर दोन दोन तास ताटकळावे लागते. ज्याला हे घर आवडते त्याच्या वाट्याला ते फार थोडे येते, म्हणून तो ते आधीपासून मनात बांधू लागतो. या छंदाला रिकामटेकडेपणा समजणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट येत नाही.

अटकळींचा पहिला आधार जागेचा. ओरलँडोतील घरे ठरावीक ठिकाणीच बांधता येतात : चित्रीकरणासाठी उभारलेले उंच साउंड स्टेज, ‘मेन इन ब्लॅक’ या सफरीमागचे मोठे तंबू, आणि बंद पडलेल्या किंवा रात्री रिकाम्या राहणाऱ्या खेळांच्या रांगांच्या जागा. प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा. साउंड स्टेजमध्ये छत उंच असल्याने आत अख्ख्या इमारतीचा दर्शनी भाग उभा करता येतो. २०२२ च्या ‘डेड मॅन्स पिअर’ या घरात समुद्राकाठचा धक्का असाच छताखाली उभारला होता. तंबूत तशी ऐसपैस उंची मिळत नाही. म्हणून अमुक चित्रपट येणार अशी कुणकुण लागली, की जाणता चाहता आधी विचारतो, मग तो बसणार कुठे? निम्म्या वावड्या या एका प्रश्नाने गळून पडतात.

दुसरा आधार कागदपत्रांचा. फ्लोरिडात सरकारी दप्तर लोकांना पाहू देण्याचा कायदा आहे. बांधकामाचे परवाने आणि काम सुरू झाल्याच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. त्यांत चित्रपटाचे नाव नसते, पण जागा असते आणि तारीख असते. तात्पुरत्या घरालाही असे कागद लागतात याला एक दुःखद पार्श्वभूमी आहे. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानात ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले आत अडकून दगावली. अंधार, वळणे आणि धूर या भूतघराच्या अंगच्याच गोष्टी. खरी आग लागली तेव्हा त्याच घातक ठरल्या. त्यानंतर अशा वास्तूंसाठी पाण्याचे फवारे, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांचे नियम देशभर कडक झाले. आज एखादा चाहता परवान्याची तारीख पाहून हरखतो, तेव्हा त्या नोंदीमागे त्या आठ मुलांचीही आठवण आहे, हे कोशात नमूद असायला हवे.

तिसरा आधार हक्कांचा. कोणते पात्र कोणाच्या मालकीचे, हे चाहत्यांना तोंडपाठ असते. २००७ साली ओरलँडोत फ्रेडी, जेसन आणि लेदरफेस या भयपटांतल्या तिघा खुन्यांचीही स्वतंत्र घरे होती. जेसन पुढे २०१५ मध्ये ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’मध्ये दिसला. त्यानंतर जेसनच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या चित्रपटमालिकेच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला. पटकथालेखक व्हिक्टर मिलर यांनी आपल्या १९८० च्या पटकथेचे हक्क परत मागितले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी पेच उरलाच. पहिल्या चित्रपटात खून करते ती जेसनची आई. हॉकीचा मुखवटा चढवलेला थोराड जेसन १९८२ च्या तिसऱ्या भागातला. मग मुखवटेवाला जेसन नेमका कोणाचा? भुताखेतांच्या नादी लागलेली माणसे या निमित्ताने स्वामित्वहक्काचा कायदा शिकली. ‘जेसन युनिव्हर्स’ या नावाचे घर अखेर २०२५ मध्ये ओरलँडो आणि हॉलिवूड अशा दोन्ही ठिकाणी उभे राहिले.

चौथा आधार स्मृतीचा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोलाचा. ओरिजिनल घरांना परवाना नाही, चित्रपट नाही, बातमी नाही. त्यांचा अंदाज फक्त जुन्या घरांच्या आठवणीवरून येतो. २००० साली जॅक नावाचा विदूषक सोहळ्याचा म्होरक्या होता. म्होरक्याला इथे ‘आयकॉन’ म्हणतात. जॅकच्या कथेत त्याचा जीव घेणारा सर्कसमालक होता डॉ. ऑडफेलो. हे नाव वर्षानुवर्षे पार्श्वभूमीवर राहिले, आणि २०२३ मध्ये स्वतः ऑडफेलोच आयकॉन म्हणून पुढे आला. त्याच वर्षी ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ हे घर आले. त्या नावाने एक रोलर कोस्टर शेजारच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या उद्यानात १९९९ मध्ये सुरू झाला होता आणि २०१७ मध्ये तो कायमचा बंद झाला होता. ज्यांनी लहानपणी त्याच्या रांगेतल्या दगडी भिंतींना हात लावला होता, त्यांना ते घर काय वाटले असेल हे सांगायला नको. ओहायोतील केरी या खऱ्याखुऱ्या गावाचे नावही असेच अनेक ओरिजिनल कथांमधून फिरत राहिले, आणि २०२१ च्या ‘वेलकम टू स्केअरी’ या घरात त्या गावालाच मध्यभागी आणले गेले. कोणता धागा अर्धवट सुटला आहे आणि कोणता पुन्हा उचलला जाईल, हे ओळखणे हीच या चाहत्यांची खरी विद्या.

या सगळ्याचे सार एका नकाशात उतरते. उद्यानाच्या आराखड्यावर दहा जागा दाखवून प्रत्येकीपुढे खऱ्या नावाऐवजी टोपणनाव लिहिलेले असते. त्याला ‘स्पेक मॅप’ म्हणतात. टोपणनावांची उकल करण्यात आठवडे जातात. मात्र अटकळ आणि फुटलेली बातमी यांत फरक केला पाहिजे. गुप्ततेला बांधलेल्या कामगाराकडून नाव काढून घेणे हा तर्क नव्हे. त्यात त्याची नोकरी जाऊ शकते आणि ज्याला कोऱ्या मनाने आत शिरायचे आहे त्याचा आनंदही जातो. पुष्कळ चाहते हा भेद कसोशीने पाळतात.

२०२० साली महासाथीमुळे ओरलँडो आणि हॉलिवूडचे सोहळे रद्द झाले. तरी ओरलँडोत काही तयार घरे ऑक्टोबरमध्ये दिवसा उघडली गेली, त्यांपैकी दोन : ‘रिव्हेंज ऑफ द टूथ फेअरी’ आणि ‘द ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन लिव्ह्ज’. दोन्ही २०२१ च्या सोहळ्यात परतली, त्यामुळे त्या वर्षीचे तर्क नेहमीपेक्षा सोपे गेले.

हॉलिवूडमध्ये रीत निराळी आहे. तिथे २००६ पासून सोहळ्याची धुरा सांभाळणारे जॉन मर्डी स्वतःच कोड्यात बोलून सूचक खुणा पेरतात, म्हणून तिथले तर्क बरेचसे त्यांच्या शब्दांभोवती फिरतात. सिंगापूर येथे २०११ पासून सोहळा भरतो. १४ ऑगस्ट २०२५ रोजी लास व्हेगास येथे ‘युनिव्हर्सल हॉरर अनलीश्ड’ हे वर्षभर चालणारे भयस्थळ सुरू झाले. तिथली मोठी घरे न मोडण्यासाठी बांधलेली आहेत, आणि त्यांत एक ‘स्केअरक्रो : द रीपिंग’ आहे. अमेरिकेच्या दुष्काळी, धुळीच्या वादळांच्या काळातल्या शेतावर घडणारी ही ओरिजिनल कथा ओरलँडोत प्रथम २०१७ मध्ये उभी राहिली आणि मोसम संपताच मोडली गेली होती.