काझानच्या थंडीत 89 अंश

साल 1869. बाहेर काझान थिजलंय. व्होल्गेवरून येणाऱ्या वाऱ्याने तुमच्या भुवयांवर बर्फ धरलाय. बाजारात गोल टोप्या घातलेले तातार व्यापारी कातड्यांचा भाव करताहेत, घसरगाड्यांचे घोडे फुरफुरताहेत, आणि साबण-मेणबत्त्यांच्या कारखान्याकडून चरबीचा वास येतोय. चला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिरा.

आत भट्टी पेटलीय. तिच्या बाजूचा गाल भाजतो, खिडकीकडचा गारठतो. टेबलापाशी उभे आहेत व्लादिमीर मार्कोव्हनिकोव्ह, तिशीतले. त्यांचे गुरू बुटलेरोव्ह पीटर्सबर्गला गेल्यावर इथला भार त्यांच्यावरच आहे.

हायड्रोआयोडिक आम्लाच्या बाटलीचं बूच काढा. जपून! ओल्या हवेत पांढरा धूर उसळतो, नाक झोंबतं, डोळे भरून येतात. पुस्तकात मार्कोव्हनिकोव्हचा नियम दोन ओळींत आटोपतो, आणि त्या ओळींना हा वास नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बर्फात ठेवलेल्या आम्लात प्रोपिलीन वायू सोडा आणि हलवत राहा. बुडबुडे वर पोचण्याआधीच विरताहेत. नंतर भरपूर पाणी ओता: जड, तेलकट थेंब तळाशी बसतात. थोडं आयोडीन सुटल्याने त्यांना तपकिरी झाक आलीय.

हे थेंब नेमके कशाचे? आयोडीन टोकाच्या कार्बनवर बसलं असेल, तर द्रव 102 अंशांच्या आसपास उकळेल. मधल्या कार्बनवर बसलं असेल, तर 89 च्या. चंबू तापवा, थर्मामीटरवरची नजर हलवू नका. पारा चढतो, चढतो, आणि 89 वर रेंगाळतो. मधलाच!

ही अभिक्रिया आधी इतरांनीही केलीय. मार्कोव्हनिकोव्ह अशा विखुरलेल्या निकालांमागचा एकच नियम मांडताहेत: दुहेरी बंधाच्या ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत, तिथेच आम्लाचा हायड्रोजन जातो, आयोडीन दुसऱ्या कार्बनला मिळतं.

आज तुम्ही वहीत बाण काढून सांगाल, की हायड्रोजन टोकाला जुळला की धन प्रभार मधल्या कार्बनवर येतो, आणि तिथे तो अधिक स्थिर असतो. पण या खोलीत ते कुणाला विचारू नका. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून 28 वर्षं आहेत.