बॉस्टनचा फैलजामीन

मराठेशाहीच्या कागदपत्रांत जामीनकीचे निरनिराळे प्रकार आढळतात. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन, बोलावल्या वेळी माणसाला हजर करणारा तो हाजीरजामीन, आणि एखाद्याच्या पुढील वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन. पहिले दोन प्रकार आजही कोर्टकचेऱ्यांत रोज चालतात. तिसऱ्याचे नावही आता फारसे कुणाला ठाऊक नाही. पहिल्यांदाच पाऊल घसरलेल्या पोराला मात्र खरी गरज असते ती या तिसऱ्या जामीनदाराचीच. असा एक फैलजामीन दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील बॉस्टन शहरात होऊन गेला.

त्याचे नाव जॉन ऑगस्टस. जन्म १७८५ चा, व्यवसाय जोडे शिवण्याचा. तो वकील नव्हता की धर्मोपदेशक नव्हता. दारूबंदीच्या चळवळीत त्याला गोडी होती, एवढेच. १८४१ च्या ऑगस्ट महिन्यात तो पोलीस कोर्टात बसला असता एका फाटक्या कपड्यातल्या दारुड्याला उभे करण्यात आले. ऑगस्टसने त्याच्याशी चार शब्द बोलून पाहिले आणि त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो इसम परत कोर्टात आला तेव्हा ओळखू येईना, इतका पालटला होता. न्यायाधीशाने त्याला दंड केला एक सेंट, वर कोर्टखर्च. तुरुंग टळला.

पुढे १८४३ पासून ऑगस्टसने लहान मुलांचेही खटले हाती घेतले. १८४७ साली तो सात ते पंधरा वर्षे वयाच्या एकोणीस मुलांना जामीन राहिला. या मुलांचे खटले लगेच निकालात न काढता महिन्यामहिन्याने पुढे ढकलायचे, असे कोर्टाशी ठरले. दर महिन्याला तारखेस ऑगस्टस हजर राही आणि मुले कशी वागतात ते सांगे. असे पाच-सहा महिने चालत असे. या मुदतीला त्याने ‘प्रोबेशन’ म्हणजे पारख हा शब्द वापरला, आणि तोच पुढे कायद्यात रूढ झाला.

याला भाबडी दया म्हणता येणार नाही. जामीन राहण्यापूर्वी तो चौकशी करी. गुन्हा पहिलाच आहे काय, वय किती, घरी कोण आहे, संगत कुणाची आहे, हे सारे पाही. जबाबदारी घेतली की मुलाला शाळेत घाली, नाही तर कामाला लावी. १८५८ पर्यंत तो १९४६ जणांना जामीन राहिला आणि त्यांपैकी अवघ्या दहा जणांच्या बाबतीत जामिनाची रक्कम बुडाली, अशी नोंद आहे. तरीही त्याला विरोध पुष्कळ झाला. प्रत्येक कैद्यामागे कोर्टातील शिपाई-अंमलदारांना फी मिळत असे. सुटलेल्या प्रत्येक माणसामागे ती बुडे. परोपकारापायी त्याचा धंदा बसला, आणि १८५९ साली तो निर्धन अवस्थेत वारला. मॅसॅच्युसेट्स राज्याने पगारी प्रोबेशन अधिकारी नेमण्याचा कायदा केला तो १८७८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. इंग्लंडमध्येही हे काम आधी दारूबंदी मंडळीच्या प्रचारकांनी पोलीस कोर्टांत उभे राहून केले. कायदा १९०७ साली आला. दोन्हीकडे आधी माणूस उभा राहिला आणि कायदा त्याच्या मागून आला.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. १८५० चा उमेदवारीचा कायदा आणि १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे सरकारने वरून दिले. मुंबई इलाख्याचा बालकविषयक कायदा १९२४ चा. आमचा बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे हा आमचाही इतिहास आहे. पुढे १९५८ साली सबंध देशासाठी प्रोबेशनचा कायदा झाला. कोर्टाला योग्य वाटल्यास गुन्हेगाराला ताबडतोब शिक्षा न देता, चांगल्या वर्तणुकीचा मुचलका घेऊन जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत पारखण्याची त्यात सोय आहे. जुन्या दफ्तरातली फैलजामिनकीच ही, फक्त नव्या पोशाखात! एकवीस वर्षांखालील व्यक्तीला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, सहसा तुरुंगात पाठवू नये आणि पाठवायचेच तर कारणे लिहून ठेवावीत, असेही हा कायदा सांगतो.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी आज २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्यातील मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात आणि त्यांत एक तरी स्त्री असावी लागते. मुलाला पालकाच्या किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली करण्याची मुभा या मंडळाला आहे.

१९५८ च्या कायद्यातील तेराव्या कलमाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. प्रोबेशन अधिकारी म्हणून सरकारी नोकराखेरीज मान्यताप्राप्त संस्थेचा कार्यकर्ता चालतो. इतकेच नव्हे तर खटल्याची परिस्थिती विशेष असेल तेव्हा कोर्टाला योग्य वाटणारा कोणताही मनुष्य चालतो. बॉस्टनच्या त्या जोडेवाल्यासाठी आपल्या कायद्याने खुर्ची मांडून ठेवली आहे.

ती रिकामी का, हा प्रश्न आम्हा शाळामास्तरांना टाळता येत नाही. सायकल चोरताना मुलगा सापडला की बाप वकील शोधतो, शेजारी दार लावून घेतात आणि शाळा दाखला हातावर ठेवून मोकळी होते. दाखला दिला की हजेरीपट कोरा दिसतो, पण मुलगा गावातच असतो, आणि त्याला हाक मारणारे मग एकच टोळके उरते. पेन्शनीत निघालेला शिक्षक, सुताराच्या कारखान्याचा मालक, महिला मंडळातील एखादी बाई, यांनी महिन्यातून एकदा एका पोराची विचारपूस करायची ठरवली तर किती खर्च येईल? ऑगस्टसने तरी निराळे काय केले? तो तारखेला हजर राहिला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर राहिला. गावोगाव जामीनदार पुष्कळ आहेत. पण ते सोसायटीच्या कर्जाला. एखाद्या पोराच्या वर्तणुकीला जामीन राहणारे चार जण जरी निघाले, तरी तेरावे कलम कागदावरून खाली उतरेल.