दिनविशेष : २० नोव्हेंबर
देवनहळ्ळी ते मांडवी

रूढ नोंदीनुसार टिपू सुलतानचा जन्म १७५० साली आजच्याच दिवशी देवनहळ्ळीत झाला. त्याच्या कैदेतून सुटलेले ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले बेने इस्रायल (कोकणातले मराठीभाषक ज्यू) अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीला ‘शार हारहमीम’ हे मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, उभारले. टिपूच्या आईने रदबदली केल्याने दिवेकर वाचले, असे सांगतात; ही आख्यायिका आहे, असा आक्षेप घेता येईल. सिनेगॉग मात्र आख्यायिका नव्हे. कोकणातून पलटणीत किंवा सुतारकामासाठी आलेल्या मराठीभाषक ज्यूंना प्रार्थनेला, लग्नाला, सणासुदीला त्याने हक्काची जागा दिली. १८६० मध्ये ते सध्याच्या जागी आले.

१९४८ नंतर बरीच कुटुंबे इस्रायलला गेली, काही ठाण्याकडे सरकली. आज भोवतालची वस्ती प्रामुख्याने मुसलमानांची आहे. माणसेच पांगली, तर वास्तू कशाला जपायची, असे कुणी म्हणेल. पण परक्या शहरात नवख्यांना पाय रोवायला अशा संस्थाच आधार देतात, आणि वस्ती बदलली तरी अशी वास्तू टिकते ती शेजाऱ्यांच्या सलोख्यावर. म्हणून तिचे मोल केवळ डोकी मोजून ठरत नाही. तिची निगा राखणे ही साऱ्या मुंबईची जबाबदारी आहे.