मुंबईची हरवलेली ३९ मिनिटं

लोकलमध्ये एका हाताने कडी धरून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसात इअरफोन घालून काम करतोय असं दाखवणाऱ्यांनाही. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. त्यामुळे या भागातली गोष्ट कोडपासून सुरू होते आणि गिरणगावात जाते. वाटेत रेल्वे आहे, महायुद्ध आहे, पत्रिका बघणारे ज्योतिषी आहेत आणि एक कोर्टकेसही आहे.

सुरुवात एका कोड्याने करू. पायथन भाषेत पायटीझेड नावाची एक जुनी लायब्ररी आहे. तिच्यातला ‘एशिया/कोलकाता’ हा झोन घेऊन तारखेला थेट चिकटवला, तर भारताची वेळ ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे आहे असं उत्तर येतं. आपण शाळेपासून साडेपाच तास शिकलोय. मग ही वरची २३ मिनिटं आली कुठून? नवीन पोरं हमखास इथे अडकतात आणि लायब्ररीत बग आहे असं म्हणून पुढे जातात. पण तो आकडा खोटा नाही. फक्त तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

आता थोडं भूगोलाचं गणित, घाबरू नका. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. गुणाकार केला की ४ तास ५१ मिनिटं मिळतात. मद्रासचे येतात ५ तास २१ मिनिटं आणि कलकत्त्याचे ५ तास ५३ मिनिटं. सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा, असा हिशेब असेल तर प्रत्येक गावाची वेळ वेगळी असणारच. कलकत्त्यात बारा वाजतात तेव्हा मुंबईत अजून अकराला दोन मिनिटं कमी असतात. बैलगाडीच्या काळात याने कोणाचंच काही बिघडत नव्हतं.

रेल्वे आली आणि बिघडलं. वेळापत्रक छापायचं तर नक्की कुठल्या गावच्या घड्याळाने? मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मध्ये पडत होती. म्हणून १८७० पासून देशभरच्या रेल्वेने मद्रास टाइम धरला. म्हणजे गाडी मद्रासच्या घड्याळाने सुटायची आणि ती पकडायला निघालेला मुंबईकर घरातून मुंबईच्या घड्याळाने निघायचा. मध्ये अर्ध्या तासाचा फरक!

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की सरकारी कारभारही आता मद्रास टाइमने चालेल. शहराला ते रुचलं नाही. आमच्या शहराचं घड्याळ मद्रासने का ठरवायचं, असा सूर उमटला आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. पहिली फेरी मुंबईने जिंकली.

१८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि ग्रीनिच हे शून्य रेखावृत्त ठरलं. पुढे भारतासाठी ८२.५ अंशांचं रेखावृत्त निवडलं गेलं, ते मिर्झापूरजवळून जातं. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजेच आपले साडेपाच तास. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली.

मुंबईत याचा अर्थ काय झाला? घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं. सूर्य मात्र होता तिथेच होता.

आता गिरणी कामगाराच्या जागी उभं राहून बघा. भोंगा सहाला वाजत असेल तर कालच्या हिशेबाने तो आता पाच वाजून एकवीस मिनिटांनी वाजणार. जानेवारीतल्या मुंबईत त्या वेळी मिट्ट काळोख. त्यात काळ कुठला, तर गिरण्यांमध्ये नुकतेच विजेचे दिवे आले होते आणि त्या उजेडात कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला जात होता. कामगाराच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. वेळ म्हणजे काय, हे त्याला भोंगा सांगायचा आणि भोंग्याची दोरी मालकाच्या हातात होती. तोच भोंगा आता सरकारच्या हुकमाने पाऊण तास अलीकडे सरकला.

जानेवारी १९०६ मध्ये काही हजार गिरणी कामगारांनी मागावर बसायला नकार दिला. दगडफेक झाली. ते लोण शहरात पसरलं आणि पंधरा हजारांहून जास्त लोकांनी नव्या वेळेविरोधात अर्जांवर सह्या केल्या. हे सगळं फक्त सूर्यावरच्या प्रेमापोटी होतं असं मला वाटत नाही. माझा दिवस कधी सुरू होणार हे कोण ठरवणार, असा तो प्रश्न होता. रात्री साडेदहाला परदेशी क्लायंटचा कॉल घेणाऱ्या माझ्या पिढीला तो कळायला हरकत नाही.

सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर गेल्या. मुंबई महानगरपालिकेने मात्र बॉम्बे टाइम सोडला नाही. एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या आणि कुठे भेटायचं ठरलं की ‘बॉम्बे टाइम की स्टँडर्ड?’ हे विचारणं भाग पडू लागलं. जुन्या मराठी पंचांगात किंवा पत्रिकेत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ लिहिलेलं कधी पाहिलंय? ‘स्टँडर्ड’ असं मुद्दाम लिहावं लागतं, कारण स्टँडर्ड नसलेली वेळही तेव्हा वापरात होती. हा दुहेरी संसार १९५० च्या आसपास संपला. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही तो चालूच होता.

आता परत संगणकाकडे. तुमच्या फोनला जगातल्या वेळा कशा कळतात? त्यामागे टीझेड डेटाबेस नावाची एक फुकट, खुली यादी आहे. अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती १९८० च्या दशकात सुरू केली आणि गेली अनेक वर्षं पॉल एगर्ट ती सांभाळतात. कुठल्या प्रदेशात कधी कुठली वेळ होती, घड्याळं कधी पुढे केली, कधी मागे आणली, हे सगळं त्यात ओळीने लिहिलेलं आहे. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स, सगळे तिच्यावर चालतात. साध्या टेक्स्ट फाइल्स आहेत, कोणीही उघडून वाचू शकतं.

त्यात भारताची नोंद बघितली की आपलं कोडं सुटतं. झोनचं नाव आहे ‘एशिया/कोलकाता’, २००८ पर्यंत ते ‘कलकत्ता’ होतं. पहिली ओळ कलकत्त्याच्या स्थानिक वेळेची, ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. नंतर १८७० पासून मद्रास टाइम, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. मग १९०६ पासून साडेपाच तास. ती जुनी लायब्ररी तारीख न बघता यादीतली पहिलीच ओळ उचलते, म्हणून ५:५३ दिसतं. सापडली तुमची २३ मिनिटं!

पण मुंबईचे ४ तास ५१ मिनिटं? ते या यादीत नाहीत. ‘एशिया/मुंबई’ नावाचा झोनच नाही. नियम साधा आहे. १९७० नंतर ज्या भागांची घड्याळं सारखी चालली, त्यांना एकच झोन पुरतो. युनिक्सचा काळही १ जानेवारी १९७० पासूनच मोजायला सुरू होतो, म्हणून ती सीमा. मुंबई आणि कोलकाता १९७० च्या आधीच एक झाले होते, तेव्हा मुंबईला वेगळी ओळ मिळाली नाही. १९२० सालच्या मुंबईची वेळ तुम्ही संगणकाला विचारली, तर तो बिनधास्त साडेपाच तास सांगेल.

मात्र ती आशिया खंडाची फाइल मी नीट वाचत गेलो तेव्हा भारताच्या ओळींच्या वर एक कॉमेंट दिसली. प्रोग्रामर नसलेल्यांसाठी सांगतो: कॉमेंट म्हणजे माणसांसाठी लिहून ठेवलेली टीप, मशीन ती वाचत नाही. त्या टिपेत १९०६ चे मुंबईचे गिरणी कामगार आहेत. जगभरच्या सर्व्हरना वेळ पुरवणाऱ्या फाइलमध्ये आपलं गिरणगाव आहे, पण अशा ओळींत, ज्या कधीच चालवल्या जात नाहीत.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या वेळेशी आपल्याला काय करायचंय? तर एक उदाहरण घेऊ.

दुसऱ्या महायुद्धात दिवसाच्या उजेडाचा जास्त उपयोग व्हावा म्हणून १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची घड्याळं आणखी एक तास पुढे होती. म्हणजे साडेसहा तास. समजा एका आजींची जन्मतारीख १५ ऑगस्ट १९४४ आहे. फॉर्म बनवणाऱ्याने ती ‘१५ ऑगस्ट, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं’ अशी धरली. ब्राउझरला युद्धकाळ माहीत आहे, म्हणून त्याने साडेसहा तास वजा केले आणि ग्रीनिचची वेळ सर्व्हरकडे पाठवली: १४ ऑगस्ट, १७:३०. सर्व्हरवर दुसऱ्या कोणीतरी सरळ ‘भारत म्हणजे साडेपाच तास’ असं लिहून ठेवलंय. त्याने साडेपाच तास मिळवले. उत्तर आलं १४ ऑगस्ट, रात्रीचे ११.

झाली आजींची जन्मतारीख एक दिवसाने मागे! आता आधारवर १५ आणि इथे १४. १९५० साली जन्मलेल्या आजोबांना हा त्रास होणार नाही. त्यामुळे टेस्टिंगमध्येही तो सहज निसटेल. त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांची नावं मात्र जुळणार नाहीत. आज ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. पेन्शनच्या खिडकीवर ‘तुमची तारीख मॅच होत नाही’ हे ऐकून घेणारी माणसं हीच.

गंमत म्हणजे हा घोळ आपल्या ज्योतिषांना फार आधीपासून ठाऊक आहे. त्या वर्षांतली पत्रिका मांडताना ते युद्धकाळाचा एक तास वजा करतात. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, तेव्हा तासाची चूक त्यांना परवडत नाही. ज्योतिषावर तुमचा विश्वास असो वा नसो, जुन्या घड्याळांचे हिशेब सगळ्यात चिकाटीने जपले ते या लोकांनी. टीझेड डेटाबेसमधल्या कित्येक जुन्या नोंदीसुद्धा ज्योतिषांसाठी छापलेल्या अ‍ॅटलासमधून आल्या आहेत.

त्यावरूनच ती कोर्टकेस झाली. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस अ‍ॅस्ट्रोलेब या ज्योतिष सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला. म्हणणं असं की आमच्या अ‍ॅटलासमधला मजकूर यांनी वापरला. ओल्सन यांनी डेटाबेस ठेवलेला सर्व्हर बंद केला. पण अमुक गावात अमुक साली घड्याळ किती पुढे होतं, ही घडलेली गोष्ट आहे. घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी कशी असेल? फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. तोवर डेटाबेसची जबाबदारी आयाना या संस्थेकडे गेली होती आणि ती आजही तिथेच आहे.

माझ्यासारखे कोड लिहिणारे ऐकत असतील तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जन्मतारीख ही तारीखच म्हणून ठेवा, तिला वेळ चिकटवू नका. दोन, ‘साडेपाच’ हा आकडा कोडमध्ये ठोकू नका. झोनचं नाव ठेवा आणि हिशेब डेटाबेसला करू द्या. आणि तीन, १९७० च्या आधीची वेळ असेल तर मूळ कागदावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, गावाच्या नावासकट जपून ठेवा. ‘सकाळी ७.१०, परळ’ हे ग्रीनिचमध्ये बदलून मूळ पुसून टाकलंत, तर ते घड्याळ बॉम्बेचं होतं की स्टँडर्ड, हे पुन्हा कोणालाच शोधता येणार नाही.

आणि बाकीच्यांना एक छोटं काम. घरात पणजोबा-पणजींची पत्रिका किंवा जुनी लग्नपत्रिका असेल तर काढून बघा. वेळेपुढे काही लिहिलंय का? ‘स्टँ. टा.’ असेल, ‘मुं. टा.’ असेल, काहीही असेल तर फोटो काढून ठेवा. ती वेळ कुठल्या घड्याळाची होती हे कुठल्याच सर्व्हरवर नाही, तुमच्या घरातल्या त्या कागदावर मात्र असू शकतं.

भेटू पुढच्या भागात. किती वाजता म्हणाल, तर स्टँडर्ड टाइमने रात्री नऊला. बॉम्बे टाइमवाल्यांनी आठ वाजून एकवीस मिनिटांनी यावं!