मेटकाफ येथील वीजकेंद्रावरील हल्ला : साधनें व निर्णय

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन होझे शहराच्या दक्षिणेस, मेटकाफ नांवाचें एक मोठें विद्युत्-उपकेंद्र आहे. १६ एप्रिल २०१३ रोजीं मध्यरात्रीनंतर अज्ञात इसमांनीं त्यावर गोळीबार करून १७ रोहित्रें निकामी केलीं. ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. परंतु तिची चर्चा बहुधा हल्ला कोणीं केला एवढ्याच प्रश्नाभोंवतीं फिरत राहिली आहे. आमच्या मतें यांतील मुख्य प्रश्न निराळा आहे. धोक्याची माहिती लेखी स्वरूपांत हाताशीं असतां बंदोबस्त कां झाला नाहीं, हा तो प्रश्न होय. आणि उपलब्ध साधनांवरून त्याचा निर्णय करितां येतो.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. विजेच्या जाळ्यावर बुद्धिपुरस्सर घाला घालण्याची कल्पना नवी नाहीं. आयरिश रिपब्लिकन आर्मीनें जानेवारी १९३९ मध्यें इंग्लंडांत जी स्फोटांची मोहीम आरंभिली, तिचा पहिला रोख वीजकेंद्रांवर व तारांच्या मनोऱ्यांवर होता. त्याच नांवाच्या पुढील काळांतील संघटनेनें १९९६ सालीं लंडनभोंवतालचीं सहा उपकेंद्रें उडविण्याचा बेत केला. तो पोलिसांनीं जुलै महिन्यांत उघडकीस आणिला, व १९९७ सालीं सहा जणांस प्रत्येकीं ३५ वर्षांची शिक्षा झाली. खुद्द कॅलिफोर्नियांतही, मेटकाफची मालक जी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनी, तिच्या मालमत्तेवर १९७० नंतरच्या दशकांत बाँबस्फोट झालेले होते.

या अनुभवाची नोंद झाली नव्हती असें नाहीं. अमेरिकन काँग्रेसच्या तंत्रपरीक्षण कचेरीनें जून १९९० मध्यें, नैसर्गिक आपत्ति व घातपात यांपासून वीजव्यवस्थेस किती धोका आहे, याचा अहवाल छापून प्रसिद्ध केला. दुसरा अहवाल तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेचा. तो २००७ सालींच तयार होता. परंतु सरकारनें तो गुप्त ठरविल्यामुळें नोव्हेंबर २०१२ मध्यें बाहेर आला. मेटकाफचा हल्ला त्यानंतर पांच महिन्यांनीं झाला. या दोन तारखा शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे, शासनास धोका ठाऊकच नव्हता ही सबब टिकत नाहीं.

आतां त्या रात्रीचा क्रम. एक वाजण्याच्या सुमारास जवळच्या जमिनीखालील दळणवळणाच्या तारा तोडण्यांत आल्या. १ वाजून ३१ मिनिटांनीं कुंपणाबाहेरून गोळीबार सुरू झाला. १ वाजून ४१ मिनिटांनीं शेरीफच्या कचेरीस वर्दी गेली. १ वाजून ५१ मिनिटांनीं पोलीस पोंचले, तेव्हां गोळीबार नुकताच थांबला होता. फाटकास कुलूप व आंत सर्व सामसूम पाहून ते परत गेले. मागाहून शंभरावर पुंगळ्या सांपडल्या, पण त्यांवर बोटांचे ठसे नव्हते. रोहित्रें थंड राखणारें सुमारें ५२,००० गॅलन तेल वाहून गेलें व तीं तापून बंद पडलीं. दुसऱ्या मार्गांनीं वीज वळविल्यामुळें मोठा अंधार टळला. तथापि नुकसान दीड कोटी डॉलरांहून अधिक झालें, व केंद्र पूर्ववत् होण्यास २७ दिवस लागले.

हल्लेखोरांविषयीं मात्र साधनांत एकवाक्यता नाहीं. संघीय ऊर्जा-नियामक आयोगाचे माजी अध्यक्ष जॉन वेलिंगहॉफ यांनीं हा देशांतर्गत दहशतवादाचा प्रकार मानला. संघीय तपास खात्यानें तसें मानण्यास नकार दिला. गृहसुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्यानें २०१५ सालीं आंतील माहितगाराचा हात असल्याचा संशय बोलून दाखविला. हीं तीन मतें आहेत, तीन पुरावे नव्हेत. गुन्हा उलगडलेला नाहीं, तोंवर यांपैकीं एकाची निवड करणें म्हणजे बखरीच्या आधारावर निवाडा देण्यासारखें होईल.

बंदोबस्त कां नव्हता, याचें उत्तर मात्र कायद्याच्या कागदांत सांपडतें. १४ ऑगस्ट २००३ च्या मोठ्या अंधारानंतर २००५ सालीं जो कायदा झाला, त्यानें जाळ्याच्या विश्वसनीयतेचे नियम बंधनकारक केले. पण अशा उपकेंद्रांचें प्रत्यक्ष इजेपासून रक्षण करण्याचा सर्वसाधारण बंधनकारक नियम त्यांत आला नव्हता. ज्ञान एकाकडे, मालकी दुसऱ्याकडे, आणि जबाबदारी कोणाचीच नाहीं, अशी ती स्थिति होती. ७ मार्च २०१४ रोजीं आयोगानें ९० दिवसांत नियम सादर करण्याची आज्ञा केली, व २० नोव्हेंबर २०१४ रोजीं तो मंजूर झाला. आपलीं कोणतीं केंद्रें मर्मस्थानीं आहेत हें मालकानें ठरवावें, तें तिऱ्हाइताकडून तपासून घ्यावें, व मग रक्षणाची योजना करावी, असें त्याचें तात्पर्य आहे. जें वीस वर्षांच्या अहवालांनीं घडलें नाहीं, तें एका आज्ञेनें दीड वर्षाच्या आंत कायद्याच्या रूपास आलें.

नियम झाला म्हणजे रक्षण झालें असें मात्र नव्हे. बंदोबस्त वाढविण्याचें काम चालू असतांच, ऑगस्ट २०१४ मध्यें, याच मेटकाफ केंद्रांत चोरी झाली. डिसेंबर २०२२ मध्यें नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या मूर परगण्यांत दोन लहान उपकेंद्रांवर गोळीबार होऊन सुमारें ४५,००० ग्राहकांची वीज गेली व ती पूर्ववत् होण्यास कांहीं दिवस लागले. लहान केंद्रें या नियमाच्या कक्षेबाहेर राहतात. सर्वत्र भिंती घालणें अशक्य. म्हणून भिंतीइतकेंच महत्त्व सांठ्याला आहे. आज्ञापत्राच्या दुर्गप्रकरणांत, गडावर झरा असला तरी तेवढ्यावर विसंबूं नये, जखिऱ्याकरितां टाकीं-तळीं बांधून निराळें पाणी राखावें, असें सांगितलें आहे. मोठीं रोहित्रें मागणीबरहुकूम घडवावीं लागतात व त्यांस पुष्कळ महिने जातात. म्हणून राखीव रोहित्रें हेंच येथें जखिऱ्याचें पाणी होय. मार्च २०१२ मध्यें अशीं तीन रोहित्रें सेंट लुईसहून ह्यूस्टन येथें नेऊन एका आठवड्याच्या आंत चालू करण्याचा प्रयोग सफलही झाला होता.

राहिला गुप्ततेचा प्रश्न, आणि तो आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. मार्च २०१४ मध्यें एका वृत्तपत्रानें, देशांतील ५५,००० उपकेंद्रांपैकीं अवघीं नऊ बंद पडल्यास सर्व देश अंधारांत जाऊं शकेल, असा आयोगाचा अंतर्गत निष्कर्ष प्रसिद्ध केला. केंद्रांचीं नांवें त्यानें दिलीं नाहींत. तरीही मोठा वाद झाला. आमच्या मतें येथें दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मर्मस्थानें कोणतीं, हें झांकून ठेवणें योग्यच आहे. गडाच्या चोरवाटा कोणी चावडीवर वाचून दाखवीत नाहीं. पण मर्मस्थानें राखण्याचें काम कोणावर सोंपविलें आहे व तें झालें कीं नाहीं, हें झांकण्याजोगें नाहीं. २००७ चा अहवाल पांच वर्षें कुलुपांत राहिला, त्यानें हल्लेखोरांस अडविलें नाहीं. ज्यांनीं तो वाचून विचारपूस करावयाची, ते नागरिक मात्र अडले. दप्तर राखणें आणि दप्तर दडविणें यांतील हा भेद मेटकाफच्या कागदांवरून जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच दिसत असेल.